शितावरून भाताची परीक्षा. पण शीत निवडलें कोणीं?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षक, वाचनालयांचे चालक व तरुण कार्यकर्ते यांच्यापुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून पुष्कळांस वाटलें असेल कीं, हा कॉलेजांतल्या पंडितांचा विषय आहे. नमुना-पाहणीचें शास्त्र कोणीकडे आणि कांदा-ऊस करणारे आपण कोणीकडे? पण ह्या विषयाचा आपल्या भाकरीशीं संबंध आहे. रोज सकाळीं वर्तमानपत्र उघडलें कीं 'जनतेंत संताप आहे', 'शेतकरीवर्गांत समाधान आहे', 'लोकांची मागणी अशी आहे' अशीं वाक्यें आपण वाचतों. ही जनता राहते कोठें? तिला कोणीं विचारलें, केव्हां विचारलें, आणि ती काय म्हणाली हें कोणीं लिहून घेतलें? असें उलटून विचारण्याची आपल्याला संवय नाहीं. संपादक लिहितो, आपण मान डोलावतों. आणि त्याच लिहिण्याचें कात्रण पुढें ठेवून रस्ता कोठून न्यावा, कालव्याची पाळी कोणास आधीं द्यावी, याचे निकाल लागतात. ज्याला कोणीं विचारलें नाहीं, त्याला मतच नाहीं असें धरून कारभार चालतो.

म्हणून मला एवढेंच सांगावयाचें आहे. लोकमताचें नांव घेणाऱ्यानें आपण कोणाला विचारलें, तीं माणसें कशीं निवडलीं, आणि कितीजणांनीं उत्तर दिलें नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. आणि हें काम आपल्या दोन तालुक्यांतील तरुण मुलामुलींना स्वतःच्या हातानें करतां येण्यासारखें आहे.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या आयाबहिणी रोज चुलीपाशीं खरी करून दाखवतात. हंडींतला सगळा भात चिवडावा लागत नाहीं; एक शीत बोटांनीं चेपलें कीं पुरतें. परंतु सुगरण तें शीत कोठून घेते? पळीनें भात खालींवर करून घेते. कांद्याच्या लिलावांत व्यापारीहि वरचे चार कांदे पाहून भाव बोलत नाहीं; गोणी ओतायला लावतो, कारण वरचा थर निवडून मांडलेला असतो हें तो जाणतो. जी हुशारी आपण भाताच्या आणि कांद्याच्या बाबतींत दाखवतों, ती माणसांच्या मतांची वेळ आली कीं गुंडाळून ठेवतों. पारावरचे चार म्हातारे, ग्रामपंचायतीच्या दारांतले दोन पुढारी आणि चहाच्या टपरीवरचा एक बोलका गडी, एवढ्यांवर 'गांवाचें मत' उभें राहतें.

न विचारल्याचा परिणाम

आपल्याच मुलुखाचा इतिहास घ्या. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें. भीमथडीचा मोठा भाग म्हणजे आपला आजचा दौंड तालुका. हें लोण शिरूर तालुक्यांतहि पसरलें. रयतेचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. कागद हातीं आले कीं ते जाळून टाकीत. सरकारनें मग चौकशी-कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला.

त्या वेळीं पुण्यांत वर्तमानपत्रें नव्हतीं असें नाहीं. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून निघत होतें. पण खेड्यांतल्या माणसाच्या मनांत काय साठत आहे हें पद्धतशीर विचारून पाहण्याची सोय ना सरकारापाशीं होती, ना संपादकापाशीं. विचारणारे आले ते आग लागल्यानंतर. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यांत 'दीनबंधु' काढलें, आणि १९१० सालीं मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' सुरू करून पुढें नेवासें तालुक्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून वर्षानुवर्षें चालविलें, तें ह्याच उणीवेसाठीं. खेड्यांत बसणाऱ्या संपादकाला खेड्याची हांक लौकर ऐकूं येते हें खरें. तथापि त्याच्याकडेहि जो चालत येतो, त्याचेंच गाऱ्हाणें त्याच्या कानीं पडतें. जो येत नाहीं त्याचें पडत नाहीं. मनाचा चांगुलपणा हा मोजमापाचा मोबदला होऊं शकत नाहीं.

पुष्कळांना विचारलें म्हणजे खरें कळतें काय?

कोणी म्हणेल, मग सगळ्यांना विचारा. जितकी गर्दी मोठी तितकें मत खरें. हा समज किती फसवा आहे याचा धडा अमेरिकेनें १९३६ सालीं साऱ्या जगाला दिला. तेथें 'लिटररी डायजेस्ट' नांवाचें मोठें साप्ताहिक होतें. अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं त्यानें सुमारें एक कोटी लोकांना टपालानें मतपत्रिका पाठविल्या. तेवीस लाखांच्या वर परत आल्या. त्यांची बेरीज करून साप्ताहिकानें सांगितलें कीं, लँडन निवडून येणार. प्रत्यक्षांत ४८ संस्थानांपैकीं ४६ संस्थानें रूझवेल्टनें जिंकलीं! त्याच निवडणुकींत जॉर्ज गॅलप यानें त्याहून कितीतरी थोड्या लोकांना विचारून निकाल बरोबर वर्तविला होता.

तेवीस लाखांचें मत खोटें कां पडलें? नांवें घेतलीं होतीं टेलिफोनच्या यादींतून आणि मोटार बाळगणाऱ्यांच्या यादींतून. मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार कोणाच्या दारीं होती? ज्याच्या घरीं चूल पेटण्याची पंचाईत, तो त्या यादींत नव्हता. आणि मत मात्र त्यालाहि होतें. शिवाय ज्यांना मतपत्रिका गेल्या, त्यांतल्याहि बहुतेकांनीं त्या परत धाडल्या नाहींत. ज्यांना फार चीड होती त्यांनींच त्या भरल्या.

१९४८ सालीं गॅलपवरहि पाळी आली. त्या वेळीं पाहणी करणाऱ्याला इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब, इतके श्रीमंत असा वाटा ठरवून देत. पण त्या वाट्यांतलीं माणसें कोणतीं, हें तो आपल्या सोयीनें निवडी. शिवाय मतदानाच्या पुष्कळ आधींच विचारपूस बंद केली होती. भाकीत निघालें ड्यूईचें, निवडून आला ट्रूमन. वाटे बरोबर असले तरी त्यांतलीं माणसें पाहणी करणारा आपल्या मर्जीनें निवडतो, तोंवर खोट राहतेच. निवड त्याच्या हातून काढून चिठ्ठीच्या हातीं दिली पाहिजे, हें त्यानंतर सर्वांस पटलें.

आज आपल्याकडे कोणी वर्तमानपत्र 'वाचकांचा कौल' म्हणून मोबाईलवर अंगठा दाबायला सांगतें, कोणी व्हॉट्सॲपच्या गटांत हो-नाहीं विचारतो, आणि दुसऱ्या दिवशीं 'ऐंशी टक्के नागरिकांचें मत' म्हणून ठळक अक्षरांत छापून येतें. नव्वद वर्षांपूर्वीची तीच चूक आपण नव्या यंत्रावर करीत आहों. ज्या बाईच्या हातीं घरचा मोबाईल रात्रीं नऊनंतर येतो, तिचें मत त्या ऐंशींतहि नाहीं आणि उरलेल्या विसांतहि नाहीं.

आपल्या मातींतला अनुभव

अशा पाहण्या आपल्या भागाला नवीन नाहींत. पुण्याच्या शेतकी कॉलेजांत काम केलेले डॉ. हॅरल्ड मान यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गांवाची घरोघर आणि शेतोशेत पाहणी करून १९१७ सालीं ग्रंथ छापला. दुसरा ग्रंथ त्यांनीं कानिटकरांसह १९२१ सालीं काढला. त्याचें गांव आपल्या शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक! शहराच्या कुशींतलें एक गांव पाहून सगळ्या दख्खनविषयीं बोलतां येत नाहीं, हें ह्या दोन गांवांच्या जोडीवरूनच दिसतें. एक गांव समूळ पाहिलें तर खोल कळतें; तालुका कळावयाचा तर थोडें थोडें पुष्कळ गांवांत पाहावें लागतें.

हें दुसरें काम आपल्या देशांत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं मार्गीं लावलें. त्यांनीं १९३१ सालीं कलकत्त्यास संख्याशास्त्राची संस्था काढली, बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना-पद्धतीनें केला, आणि १९५० सालीं साऱ्या देशासाठीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्यांची एक युक्ति आपण उचलावी अशी आहे. ते एकाच प्रदेशांत दोन वेगळ्या टोळ्यांना दोन वेगळे नमुने देत. दोघींचे आंकडे जवळ आले तर काम नेटकें. फार लांब पडले तर कोठें तरी पाणी मुरतें आहे हें घरबसल्या कळे.

वर्तमानपत्र आणि खेडें ह्यांच्या संबंधाचीहि पाहणी पुणें जिल्ह्यांत झालेली आहे. शहरांतलें नवें ज्ञान खेड्यांत कितपत उतरतें, हें वाय. बी. दामले यांनीं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत पाहिलें; त्यांचा लेख १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालीं पुण्याच्या आकाशवाणीनें शेतकऱ्यांचीं रेडिओ-मंडळें चालविलीं. त्यांचा उपयोग तपासतांना मंडळ असलेल्या गांवांबरोबर मंडळ नसलेलीं गांवेंहि घेतलीं, आणि कार्यक्रमाआधीं व नंतर अशी दोनदां विचारपूस केली. मंडळ नसलेलें गांव शेजारीं ठेवल्याशिवाय मंडळानें काय केलें हें सांगतां येत नाहीं, इतका साधा विचार त्यामागें होता.

जनतेची सोडत

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आपल्याला दोन गोष्टी पाहावयाच्या आहेत. शिरूर-दौंडच्या लोकांना कशाची काळजी आहे, ही एक. आणि त्यांच्याविषयीं लिहिणाऱ्या संपादकांना लोकांची काळजी कोणती वाटते, ही दुसरी. लोक लाखांनीं आहेत, संपादक मूठभर आहेत. म्हणून दोघांची निवड एका मापानें करूं नये.

प्रथम लोक. २०११ च्या शिरगणतींत दोन्ही तालुक्यांची वस्ती प्रत्येकीं पावणेचार लाखांवर होती. एवढ्यांतून किती माणसें विचारावीं? चारशें माणसें खऱ्या सोडतीनें निवडलीं, तर शंभरांत पंचाण्णव वेळां आपलें उत्तर खऱ्या आंकड्याच्या पांच टक्के इकडे किंवा तिकडे, एवढ्या अंतरांत पडतें. वस्ती चार लाख असो कीं चार कोटी, हा हिशेब फारसा बदलत नाहीं. हंडी मोठी झाली म्हणून शीत मोठें लागत नाहीं, भात मात्र नीट हलवलेला पाहिजे. चूक निम्मी करावयाची तर माणसें चौपट घ्यावीं लागतात. म्हणून चारशेंवरून सोळाशेंवर जाण्यापूर्वीं आपली पिशवी पाहावी. दोन तालुक्यांची तुलना हवी असेल तर प्रत्येकीं चारशें, म्हणजे एकूण आठशें.

हीं चारशें माणसें वीस ठिकाणांतून वीस-वीस अशीं घ्यावीं. ठिकाणें निवडण्यापूर्वीं तालुक्याचे थर पाडावे. शिरूर आणि दौंड हीं शहरें हा एक थर. दौंडला जंक्शन आणि राखीव पोलिसांच्या वसाहती आहेत, त्यांचें जगणें खेड्याहून निराळें आहे. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगांव गणपती, कुरकुंभ हा कारखान्यांचा थर दुसरा. भीमेच्या कांठचा आणि कालव्याखालचा उसाचा थर तिसरा. पाबळ-केंदूरच्या बाजूचा आणि दौंडच्या दक्षिणेकडील कोरडवाहू माळाचा थर चौथा. प्रत्येक थराला त्याच्या मतदारसंख्येप्रमाणें ठिकाणांचा वाटा द्यावा.

थरांतलें गांव सोडतीनें काढतांना मोठ्या गांवाला मोठी संधि मिळाली पाहिजे. समजा तीन गांवें आहेत; मतदार ५००, १,५०० आणि ३,०००. त्यांची चढती बेरीज मांडा: ५००, २,०००, ५,०००. आतां १ ते ५,००० मधली एक चिठ्ठी काढा. १,७४२ निघाली तर ती ५०० च्या पुढें आणि २,००० च्या आंत पडली. दुसरें गांव आलें. त्या गांवांत वीसच माणसें विचारावयाचीं. लहान गांव निघण्याची संधि कमी, पण निघालें तर त्यांतल्या माणसाची पाळी लागण्याची संधि जास्त. मोठ्या गांवाचें नेमकें उलट. दोहोंचा गुणाकार करून पाहा: तिन्हीं गांवांतल्या प्रत्येक मतदाराला ५,००० मध्यें २० अशी सारखीच संधि मिळते. पाटलाच्या वाड्याला आणि गांवाबाहेरच्या पालाला एकच माप लावणारा हा हिशेब आहे.

मग मतदारयादी घ्या. समजा तींत १,१२० नांवें आहेत. विसानें भागलें तर ५६ येतात. १ ते ५६ मधली एक चिठ्ठी मुलाच्या हातानें काढा. १७ निघाली तर १७ वें नांव, मग ७३ वें, मग १२९ वें, असें छप्पन-छप्पनच्या टप्प्यानें जा. वीस नांवें होतात. त्यांत कोण येईल हें तुमच्या हातांत नाहीं, आणि सरपंचाच्याहि नाहीं. यांतच ह्या पद्धतीचा सारा न्याय आहे.

एक सूचना विसरूं नये. एकाच गांवचीं वीस माणसें बऱ्याच बाबतींत एकमेकांसारखीं बोलतात. पाणी नाहीं तर कोणालाच नाहीं. म्हणून पांच टक्क्यांची जी चूक सांगितली, ती अशा गटागटाच्या निवडींत कांहींशी वाढते. सहा-सात टक्के धरून बोलावें, म्हणजे तोंडघशीं पडण्याचा प्रसंग येत नाहीं.

यादींत जे नाहींत

मतदारयादी ही चांगली यादी आहे, पण पुरती नाहीं. रांजणगांव, सणसवाडी, कुरकुंभ येथील खोल्यांतून मराठवाड्याचीं, विदर्भाचीं, उत्तरेकडील प्रांतांचीं पोरें भाड्यानें राहतात. त्यांतल्या पुष्कळांचीं नांवें त्यांच्या मूळ गांवच्या यादींत आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामापुरत्या कोप्या घालून राहतात आणि निघून जातात. ह्यांच्यासाठीं वेगळें काम करावें. खोल्यांची आणि कोप्यांची आपणच मोजणी करून यादी करावी, तींतून टप्प्यानें घरें काढावीं, आणि घरांतल्या मोठ्या माणसांतून चिठ्ठीनें एक निवडावें. ही तसदी घेतली नाहीं, तर 'तालुक्याचें मत' म्हणजे जुन्या उंबरठ्यांचें मत होईल.

नांव निघालें तेंच माणूस विचारावें. यादींत सून निघाली आणि ती खुरपायला गेली आहे, म्हणून ओट्यावर बसलेल्या सासऱ्यास विचारून काम उरकूं नये. 'तिला काय कळतंय, मीच सांगतो की,' असें घरचा कर्ता म्हणेल. त्याला नमस्कार करून म्हणावें, 'दादा, तुमचं नांव निघालं असतं तर तुम्हांलाच विचारलं असतं. आज वहिनींची पाळी आहे.' तीन वेळां जावें. एकदां सकाळीं, एकदां संध्याकाळीं, एकदां सुटीच्या दिवशीं. पाहणी करणाऱ्यांत मुली असाव्या. तरीहि माणूस भेटलें नाहीं तर तसें लिहावें; शेजारचें माणूस त्याच्या जागीं भरूं नये. घरीं सांपडणारा आणि घरीं न सांपडणारा यांचें जगणें वेगळें असतें, म्हणूनच एक सांपडतो आणि दुसरा सांपडत नाहीं.

संपादकांची मोजदाद

आतां संपादक. येथें सोडत काढूं नये. होतील तितक्या सर्वांना विचारावें. मूठभर माणसांतून आणखी मूठभर निवडलीं तर चूक फार मोठी होते, आणि एक गळला तरी चित्र बदलतें. खरी अडचण यादीची आहे. वृत्तपत्रांच्या सरकारी नोंदवहींतलीं सारींच पत्रें प्रत्यक्ष निघत असतात असें नाहीं; उलट मोबाईलवर रोज हजारों लोक पाहतात अशा कित्येक बातमी-वाहिन्या त्या वहींत नसतात. म्हणून नोंदवही, पेपरविक्रेत्याचा गठ्ठा, वाचनालयाचें टेबल आणि लोकांच्याच तोंडून आलेलीं नांवें, अशा चार ठिकाणांहून यादी जुळवावी. गेल्या तीन महिन्यांचे अंक डोळ्यांनीं पाहावे. ज्याचा अंक कोणीं पाहिलाच नाहीं तें पत्र वगळावें आणि वगळलें असें लिहावें.

संपादक कोणाला म्हणावें हेंहि आधीं ठरवावें. अंकाच्या शेवटीं ज्याचें नांव छापतात तोच बातमी निवडतो असें नेहमीं नसतें. मोठीं दैनिकें पुण्यांतून निघतात. आपल्या तालुक्याचें पान तेथील टेबलावर लागतें, आणि मजकूर येथला वार्ताहर धाडतो. म्हणून तीन वर्ग करावे: पुण्यांत आपल्या भागाचें पान पाहणारे, येथील साप्ताहिकांचे व वाहिन्यांचे चालक, आणि तालुक्याचे वार्ताहर. पांचशें प्रती खपणारें पत्र आणि पन्नास हजार खपणारें पत्र यांना एकच मत देऊन एकदां मोजावें, आणि खपाप्रमाणें वजन देऊन पुन्हां मोजावें. दोन्ही आंकडे छापावे.

संपादकांच्या खुर्च्यांवर कोण बसलेलें आहे, हा प्रश्न ह्या विषयांतून वगळतां येत नाहीं. २००६ सालीं अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनीं दिल्लींतल्या ३७ वृत्तसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची मोजदाद केली. शेंकडा ७१ हिंदु उच्चवर्णीय पुरुष निघाले. दलित किंवा आदिवासी एकहि निघाला नाहीं. २०१९ सालीं ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या पाहणींत वरच्या पदाच्या १२१ जागांपैकीं १०६ उच्चवर्णीयांकडे आढळल्या. दलित-आदिवासींकडे एकहि नाहीं. हे आंकडे डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. पण ते दिल्लींतल्या आणि देशपातळीवरच्या पत्रांचे आहेत. ते उचलून जसेच्या तसे शिरूर-दौंडवर चिकटवूं नयेत. येथलें काय आहे तें येथेंच मोजलें पाहिजे. आपल्याला आवडणारा आंकडा न मोजतां घेण्याची संवय लागली, तर दुसऱ्याच्या न मोजलेल्या 'जनमता'वर बोट ठेवण्याचा आपला हक्क राहत नाहीं. ज्याला जात सांगावयाची नसेल त्याच्यावर जुलूम करूं नये. किती जणांनीं सांगितली नाहीं तें लिहावें.

प्रश्न कसे विचारावे

'आपण रोज वर्तमानपत्र वाचतां ना?' असें विचारलें तर शहाण्यांत नांव मोडावें म्हणून नऊजण हो म्हणतील. त्यापेक्षां विचारावें, 'काल कोणतें पत्र हातांत आलें? कोठें? त्यांतली कोणती बातमी आठवते?' ज्याला वाचतां येत नाहीं त्याला विचारावें, 'कोणी वाचून दाखवली काय? मोबाईलवर पाहिली काय?' केशकर्तनालयांतला एक अंक दिवसभरांत किती हातांतून जातो हें खपाच्या आंकड्यावरून समजत नाहीं. तें असें विचारूनच समजतें.

मग मुख्य प्रश्न. लोकांना विचारावें, 'तुमच्या घराला आज सर्वांत मोठ्या तीन काळज्या कोणत्या?' उत्तर सुचवूं नये. तो जें बोलेल तें त्याच्याच शब्दांत लिहावें. कोणी बिबट्या म्हणेल, कोणी कांद्याचा भाव, कोणी उसाचें थकलेलें बिल, कोणी नगर रस्त्यावरची वाहनांची कोंडी, कोणी कारखान्याचें सांडपाणी, कोणी पोरीचें कॉलेज. संपादकांना दोन प्रश्न विचारावे: 'आपल्या मतें तालुक्यापुढील तीन मोठे प्रश्न कोणते?' आणि 'आपल्या वाचकांच्या तीन मोठ्या काळज्या कोणत्या असतील असें आपणांस वाटतें?' दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. संपादकाचें मत लोकांहून वेगळें असणें हा गुन्हा नाहीं; तो स्वतःच्या विवेकानें लिहीत असेल. पण लोकांना काय वाटतें हेंच त्याला ठाऊक नसेल, आणि तरी तो त्यांच्या नांवानें बोलत असेल, तर ती गोष्ट वेगळी. हें अंतर किती, कोणत्या थराशीं जास्त, शहराशीं कीं माळाशीं, पुरुषांशीं कीं बायकांशीं, हें मांडणें हा आपल्या पाहणीचा गाभा आहे.

संपादक थोडे असल्यामुळें कोण काय बोललें हें ओळखूं येण्याचा धोका असतो. म्हणून कोणाचेंहि उत्तर नांवानिशीं बाहेर जाऊं देऊं नये. फक्त बेरजा छापाव्या. लोकांच्या कागदांवरहि नांवाऐवजीं आंकडा घालावा. गांवांत ज्याच्या शब्दाची चुगली होते, तो दुसऱ्यांदा खरें बोलत नाहीं.

खर्च किती, माणसें किती?

एक माणूस दिवसाकांठीं आठ जणांना नीट विचारूं शकतो. आठशें माणसांस शंभर दिवसांचें एका माणसाचें काम. वीस मुलेंमुली असतील तर पांच दिवस. परत-परत जाण्याचे तीन दिवस वाढवा. आठ दिवसांत दोन तालुक्यांचें काम होतें. महालनोबीसांच्या युक्तीप्रमाणें दहा-दहांच्या दोन टोळ्या कराव्या, दोघींना वेगळे नमुने द्यावे, आणि शेवटपर्यंत एकमेकींचे कागद पाहूं देऊं नयेत.

मग जो आंकडा निघेल तो छापावा. आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध असो. त्याच्याखालीं चार ओळी अवश्य घालाव्या: किती नांवें काढलीं, किती भेटलीं, किती जणांनीं नकार दिला, आणि चूक किती धरावी. ह्या चार ओळी ज्या आंकड्याखालीं नाहींत, तो कितीहि मोठ्या अक्षरांत छापला असला तरी त्याची किंमत पारावरच्या गप्पेइतकीच समजावी.

येथें जमलेल्या वाचनालयांच्या चालकांना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं आपापल्या केंद्राच्या मतदारयादीची एक प्रत मिळवून ठेवावी. शिक्षकांनीं वरच्या वर्गांतल्या मुलांकडून चढती बेरीज आणि टप्प्याची निवड फळ्यावर करवून घ्यावी. एका तासांत येते. आणि उद्यां कोणी पुढारी किंवा संपादक 'लोकांचें मत असें आहे' म्हणाला, तर प्रत्येकानें नम्रपणें उभें राहून तीन प्रश्न करावे: कोणाला विचारलें? कसें निवडलें? कितीजण बोलले नाहींत? उत्तर मिळालें तर त्याचे आभार मानावे. न मिळालें तर वीस मुलेंमुली गोळा करून कामाला लागावें.